झणझणीतला कोरियन शब्द काय?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा एकच अट घातली होती. "जेवणानंतरची वेळ आहे, लोक पेंगतील, तेव्हा कारखान्यातलं काही कंटाळवाणं सांगू नकोस." म्हणून मी जेवणाचाच विषय घेतलाय. आजचा रस्सा ज्यांना तिखट लागला त्यांनी पुढच्या रांगेत यावं, त्यांचा मला उपयोग आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, काहींना नसेल, म्हणून सांगते. गेली अकरा वर्षं मी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कोरियन भाषेची दुभाषी आहे. आपण शाळेत होतो तेव्हा कुणाचे वडील टेल्कोत, कुणाचे बजाजमध्ये, कुणाचे एचएमध्ये. चाकण म्हटलं की कांद्याचा बाजार आणि चौथीच्या इतिहासातला फिरंगोजी नरसाळा, एवढंच आठवायचं. आता रांजणगावला एलजी आहे, चाकणला ह्युंदाईची खोदकामाची यंत्रं बनतात, तळेगावला पॉस्कोचं पोलाद कापलं जातं, आणि तळेगावचाच जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला. मोठ्या कंपनीमागोमाग तिला माल पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या येतात. त्यांच्याबरोबर येतात तिशी-चाळिशीतले कोरियन इंजिनिअर, ज्यांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही आणि इंग्रजी आपल्याइतकंच जेमतेम येतं. त्या फटीत माझी नोकरी आहे.

लोकांना वाटतं दुभाष्याचं काम मीटिंगमध्ये असतं. मीटिंग सोपी असते हो. मायक्रॉन दोन्हीकडे मायक्रॉनच असतो, आणि ड्रॉइंग समोर असलं की निम्मं भाषांतर बोटानेच होतं. खरा कस कँटीनमध्ये लागतो. तिथे कोरियन साहेब एक घास खाऊन काहीतरी म्हणतात आणि टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघतात: "काय म्हणाले? आवडलं का?"

पहिल्या वर्षीच मला कळून चुकलं की इथे इंग्रजीचा काही उपयोग नाही. इंग्रजीत एक 'स्पायसी' आणि एक 'हॉट'. हॉट म्हणजे गरमही आणि तिखटही. मराठीत गरम वेगळं, तिखट वेगळं. कोरियनमध्येही तसंच: चहा गरम असेल तर 'त्तुगॉवोयो', भाजी तिखट असेल तर 'मेवोयो'. मधे इंग्रजी घातली की हा सरळ फरक नाहीसा होतो. म्हणून मी एक वही केली. डाव्या बाजूला कोरियन शब्द, उजव्या बाजूला मराठी, आणि इंग्रजीला जागाच ठेवली नाही.

आता गंमत बघा. कोरियन लोक कांद्यालाही 'मेवोयो' म्हणतात. इंग्रजी बोलणारा माणूस कच्चा कांदा खाऊन 'हॉट' म्हणणार नाही, पण चाकणच्या बाजारातला कुठलाही शेतकरी "औंदा कांदा तिखट निघालाय" असं सहज म्हणेल. चुलीचा धूर डोळ्यांत गेला तर कोरियन माणूस तोच शब्द वापरतो. आपण म्हणतो, धूर झोंबतो. थंडीतला बोचरा वाराही त्यांच्याकडे 'तिखट' असतो. आणि आपल्याकडे? झोंबरा वारा! म्हणजे मिरची, कांदा, धूर आणि वारा, चारही ठिकाणी दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या आहेत, फक्त आपण कधी तिखट म्हणतो आणि कधी झोंबणं.

मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुम्ही आठवीत अभ्यस्त शब्द शिकवले होते. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक. आम्ही गडगड, किरकिर, वटवट पाठ केलं, दोन गुण मिळवले आणि विसरून गेलो. कोरियन शिकायला लागले तेव्हा ते सगळं परत आलं, कारण ती भाषा अशा शब्दांनी गच्च भरलेली आहे. कुरकुरीत म्हणजे 'पासाक-पासाक'. काकडी खाताना येतो तो आवाज 'आसाक-आसाक', म्हणजे आपलं करकरीत. माझ्याबरोबर शिकणारी इंग्रजी माध्यमाची मुलं या दोन्हींसाठी 'क्रिस्पी' आणि 'क्रंची' लिहायची आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन्हींत गोंधळायची. मला गोंधळायचं कारणच नव्हतं. चकली कुरकुरीत आणि काकडी करकरीत, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. खुसखुशीत, लुसलुशीत, चुरचुरीत, मिळमिळीत, गिळगिळीत... मोजत बसलं तर मराठी त्यांच्या मागे नाही.

तिखटाचंही तसंच आहे. 'मेवोयो' हा नुसता तिखट. त्यात तक्रारही असू शकते. पण 'मेकोम' म्हणजे हवाहवासा तिखट, जिभेला चाळवणारा. रस्सा गरम आणि तिखट असेल, दोन घोट घेतल्यावर कपाळावर घाम येऊन अंगात तरतरी आली, की तो 'ऑलखुन'. थोडी चढलेल्या माणसालाही हाच शब्द लावतात, आणि आपल्याकडच्या मटणाच्या बेतांची रीत पाहता त्यात मला काही वावगं वाटत नाही. घशाशी जाऊन खवखवणारा, ठसका आणणारा तिखट म्हणजे 'खालखाल'. तो 'ख' आपल्याला एका फटक्यात जमतो, याचा मला अजून आनंद होतो. आता आपले शब्द घ्या: तिखट, झणझणीत, तिखटजाळ, जहाल. 'झणझणीत' म्हटलं की कौतुक, 'तिखटजाळ' म्हटलं की वाटी बाजूला सारली. इंग्रजीत भाषांतर करा, दोन्ही 'व्हेरी स्पायसी'. मग कँटीनवाल्याला कळणार कसं की उद्या मिरची कमी करायची की तशीच ठेवायची?

मिठाचंही बघा. भाजीत मीठ जास्त झालं तर 'च्चायो', खारट. पण शेंगदाण्याला हवं तेवढं मीठ लागलं असेल तर 'च्चाप्च्चाल'. वर्गात कोरियन शिक्षिका हा फरक फळ्यावर मांडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, यात काय एवढं, भाजी खारट आणि दाणे खारे! 'खारट दाणे द्या' असं भेळवाल्याला कुणी म्हणतं का? आंबटात त्यांच्याकडे स्वर बदलतो: 'सेकोम' म्हणजे तोंडाला पाणी सुटेल असं आंबट, आणि 'शिखुम' म्हणजे जरा उतरलेलं, वास यायला लागलेलं. आपण त्याला आंबूस म्हणतो. 'सेकोम-दालकोम' आंबटगोड. तीळ किंवा दाणे भाजल्यावर जो वास आणि जी चव येते तिला 'कोसोहादा' म्हणतात. या शब्दाला इंग्रजी पुस्तकांत 'नटी' असं काहीतरी दिलेलं असतं. मराठीत तो सरळ खमंग आहे.

'नुक्किहादा' हा शब्द मला फार आवडतो. तेलतुपाचं खाऊन तोंडाला जे चिकटतं, नकोसं होतं, ते. माझी आजी त्याला ओशट म्हणायची. हा शब्द मी किती वर्षांत वापरला नव्हता! कोरियन शब्दाचा अर्थ शोधताना तो अचानक जिभेवर आला.

चवीचे शब्द माणसांनाही लागतात, आणि तिथे तर हसू आवरत नाही. अळणीला कोरियनमध्ये 'शिंगॉप्ता' म्हणतात. जो माणूस उगाच काहीतरी फुसकं बोलतो, पाणचट विनोद करतो, तोही 'शिंगॉप्ता'. (आपल्या बॅचमधलं एक नाव सगळ्यांच्या मनात आलंय. मी घेत नाही.) खारट माणूस म्हणजे कंजूष. आणि गणिताचे सर, हे खास तुमच्यासाठी: जे शिक्षक हात आखडून गुण देतात त्यांचे गुण कोरियात 'खारट' असतात. तुमच्या खारट गुणांवरच आम्ही वाढलो, सर. लहान मिरचीच तिखट, अशी त्यांची म्हणही आहे. बुटका पण तडफदार माणूस दिसला की ती हमखास निघते. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे म्हण लागत नाही, नुसतं 'लवंगी मिरची' म्हटलं की पुरतं.

जिथे शब्द जुळत नाही तिथे मात्र थांबावं लागतं. 'शिवॉनहादा' घ्या. शब्दश: थंडगार, गारेगार. वाऱ्याची झुळूक आली की शिवॉनहादा. पण उकळता रस्सा भुरकून कोरियन माणूस सुस्कारा टाकून हेच म्हणतो! गरम पाण्याने अंघोळ केल्यावर, पाठ चेपून घेतल्यावरसुद्धा. आमच्याकडे नवीन आलेल्या एका साहेबांनी मेसमध्ये कोंबडीचा रस्सा प्यायला आणि समाधानाने 'शिवॉनहादा' म्हणाले. मी त्या दिवशी रजेवर होते. पोरांनी मोबाइल पुढे धरला, मोबाइलने सांगितलं 'थंड आहे', आणि मेसच्या काकूंनी वाटी हातातून काढून घेऊन रस्सा परत चुलीवर ठेवला. साहेबांना वाटलं आपण जास्त खातोय. दुसऱ्या दिवशी मी काकूंना सांगितलं की त्यांना 'हायसं वाटलं' म्हणायचं होतं. त्यावर काकू म्हणाल्या, "मग तसं म्हणायचं की!" आता काकूंना तो एक कोरियन शब्द पक्का येतो. साहेबांच्या तोंडून तो निघाला की त्या दुसरी वाटी वाढतात.

उलट बाजूने अडचण मसाल्याची. कोरियन लोकांना स्वतःच्या तिखट खाण्याचा केवढा अभिमान! त्यांच्या 'कोछुजांग'च्या, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या लगद्याच्या डब्यावर तिखटपणाच्या पाच पायऱ्या छापलेल्या असतात. पण त्यांच्या स्वयंपाकातली नेहमीची मिरची रंगाला लाल, चवीला किंचित गोडसर, बरीचशी आपल्या ब्याडगीसारखी. ते मिसळीच्या कटाकडे बघून "एवढंच ना" म्हणतात आणि तिसऱ्या घासाला पाणी मागतात. मिरचीने नव्हे. मिरीने, लवंगेने, आल्याने. मिरचीचा तिखटपणा जिभेवर, या मंडळींचा घशात आणि नाकात. पहिला त्यांच्या ओळखीचा आहे, दुसरा नाही. आपली पोरं त्यांचा लाल रंग बघून घाबरत घाबरत खातात आणि म्हणतात, "मॅडम, हे तर गुळचट आहे." दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या ताटाला मिळमिळीत ठरवून स्वतःच्या शौर्यावर खूश असतात. मी हे भाषांतर करत नाही.

खरं म्हणजे या बाबतीत फुशारकी मारण्याचा अधिकार दोघांनाही नाही. मिरची मूळची अमेरिकेतली. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. कोरियात ती त्याच शतकाच्या अखेरीस, बहुधा जपानमार्गे पोहोचली असं मानतात. १६१४ सालच्या एका कोरियन ग्रंथात तिला 'जपानी मोहरी' अशा अर्थाचं नाव आहे. त्याआधी किमची होती, पण लाल नव्हती. आणि आपल्या उंबऱ्यावरचं उदाहरण द्यायचं तर आळंदी चाकणपासून केवढीशी लांब. पण १२९६ साली माउलींनी समाधी घेतली तेव्हा या सगळ्या मुलखात कुणाच्या जिभेला मिरची ठाऊक नव्हती. मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. नवीन फळाला आपण मिरीवरून मिरची म्हटलं. कोरियन लोकांनी 'कोछो' म्हटलं, त्याचं पुढे 'कोछू' झालं. त्यातल्या पहिल्या चिनी अक्षराचा अर्थ आहे कडू.

कडू का? संस्कृतच्या बाईंनी पाठ करून घेतलेले सहा रस आठवा: मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यातला कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. आपण मराठीत कटूचं कडू केलं आणि तिखटासाठी तीक्ष्णकडून शब्द घेतला. तिखट आणि कडू यांची ही अदलाबदल इथे झाली, तशीच काहीशी तिथेही झालेली दिसते. दोन्ही चवींना नक्की कुठे ठेवायचं याचा माणसाला पहिल्यापासून घोळ असावा.

शास्त्र तर सांगतं की तिखट ही चवच नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटतं, तो ग्राहक मुळात चटका ओळखण्यासाठी असतो. साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता लागली की तो जागा होतो. मिरची त्याला फसवते. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. म्हणजे तिखट ही एक वेदना आहे, आपण ती पैसे देऊन विकत घेतो एवढंच. मग तिखटाचे आणि दुखण्याचे शब्द एकमेकांत मिसळलेले असणार यात नवल नाही. झोंबतं, आग होते, चरचरतं, जळजळतं: हे ठेच्याबद्दल आहे की जखमेबद्दल, ते वाक्य पुरं झाल्याशिवाय कळत नाही. कोरियनमध्ये तिखटाने तोंड बधिर झालं तरी 'ऑरॉल' आणि हातावर फटका बसून हात बधिर झाला तरी 'ऑरॉल'.

हे मी का सांगतेय? दोन वर्षांपूर्वी मला शॉपवरून प्रथमोपचार खोलीत बोलावलं. धुलाईच्या लाइनवरचा एक मुलगा, खेड तालुक्यातला, कामावर लागून तीन आठवडे झालेले. मनगट धरून बसला होता आणि समोरच्या कोरियन सुपरवायझरला इंग्रजीत सांगत होता, "हॉट सर, हॉट." त्या लाइनवर गरम पाण्याच्या टाक्या आहेत. सुपरवायझरला वाटलं, पाइपला हात लागून भाजलं. मलमाची ट्यूब उघडून झाली होती. मी मुलाला मराठीत विचारलं, "भाजलं का?" तो म्हणाला, "भाजलं नाय मॅडम. मिरच्या चिरल्यावर हात कसा होतो, तसं होतंय. आधी काय वाटलं नाय, आता चढत चाललंय."

मिरच्या चिरलेल्या हातासारखं. घरात ज्यांनी मिरच्या चिरल्यात त्यांना यापुढे काही सांगावं लागत नाही. मी कोरियनमध्ये एवढंच म्हटलं, 'त्तुगॉवोयो' नाही, 'त्तागावोयो'. गरम नाही, झोंबतंय. सुपरवायझरचा चेहराच बदलला. गरम पाणी नाही म्हणजे टाकीतलं अल्कली, तेलकटपणा काढायचं रसायन. त्याने ट्यूब टाकली, मुलाचा हात धरून नळाखाली नेला आणि घड्याळ लावून वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरला, मग दवाखान्यात पाठवलं. हातमोज्याला शिवणीजवळ टाचणीएवढं भोक निघालं. मुलगा आठवड्याने कामावर आला. त्यानंतर त्या लाइनवर एक तक्ता लागला. त्यावर मराठी आणि कोरियन शब्द शेजारी शेजारी आहेत: भाजणं, झोंबणं, चरचरणं, बधिर होणं, ठणकणं. तक्ता माझ्या वहीवरूनच केला, फक्त त्यातली मिसळ आणि शेंगदाणे काढून टाकले.

त्या मुलाला ती उपमा सुचली, कारण त्याला स्वयंपाकघर ठाऊक होतं आणि त्याची मराठी शाबूत होती. त्याने मला "स्पायसी फील होतंय" असं सांगितलं असतं तर मी काय करणार होते? माझ्या घरी हेच ऐकायला मिळतं. माझी मुलगी भडंगालाही स्पायसी म्हणते, लोणच्यालाही स्पायसी म्हणते आणि आल्याच्या चहालाही. तीच मुलगी कोरियन मालिका बघून 'मेकोम' आणि 'मेवोयो'तला फरक मला समजावते! मी तिला झणझणीत आणि तिखटजाळ यांतला फरक विचारला तर म्हणाली, "आई, सेमच ना?" २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांत शिकवता येतील अशा परदेशी भाषांच्या यादीत कोरियनचं नाव आहे. चाकण-तळेगावच्या नोकऱ्या बघता आपल्या शाळेतही ती एक दिवस येईल. आली तर माझी तयारी आहे, शनिवारी येऊन शिकवीन. पण मुलांकडे उजव्या बाजूला लिहायला शब्द असले पाहिजेत, आणि ते काम, बाई, तुमच्या तासालाच होणार.

आता शेवटी एक काम सांगते आणि खाली बसते. माझी वही मी आज बरोबर आणली आहे. तिच्यात उजवीकडे काही जागा अजून रिकाम्या आहेत, आणि काही मराठी शब्दांना डावीकडे कोरियन सापडलेलं नाही; 'मचूळ' पाण्यावर मी एका साहेबांचं अर्धा तास डोकं खाल्लं, उपयोग झाला नाही. 'हाताची चव' मात्र जशीच्या तशी मिळाली: 'सोन्मात', 'सोन' म्हणजे हात आणि 'मात' म्हणजे चव. आपल्या वर्गात कुणी खानदेशातून आलेलं होतं, कुणी लातूर-उस्मानाबादकडचं, कुणी वऱ्हाडातलं, कुणी कोकणातलं. वडिलांच्या नोकरीपायी सगळे पिंपरी-चिंचवडला आले. मधल्या सुट्टीत डबे उघडले की प्रत्येकाच्या ठेच्याची तऱ्हा निराळी असायची, आणि त्याला नावं ठेवायचे शब्दही निराळे असायचे. तुमच्या घरी, गावी तिखटाला, आंबटाला, ओशटपणाला जे शब्द होते ते त्या वहीत लिहा. वही बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे. पेन दोरीने बांधलंय, कारण तुम्हा सगळ्यांना मी ओळखते.